ताटाशेजारचा कुत्रा

कुत्रा पाळणाऱ्या घरांचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात जेवणाच्या वेळी कुत्र्याला बाल्कनीत कोंडतात. दुसऱ्या प्रकारात कुत्रा मोकळा असतो आणि माणसं ताट हातात घेऊन घरभर फिरतात. आम्ही बरेच दिवस दुसऱ्या प्रकारात होतो.

आमचा बंड्या म्हणजे अस्सल देशी वाण. एरवी अगदी शहाणा, पण कुकरची शिट्टी झाली की याच्या अंगात येतं! नेटवर उपाय शोधले तर सगळे डायनिंग टेबल गृहीत धरून लिहिलेले. कुत्रा टेबलाखाली येऊन बसला तर दुर्लक्ष करा म्हणे. अहो, पण आमचे आबा ब्याऐंशीव्या वर्षीही पाटावर मांडी घालून जेवतात. बंड्याचं नाक आणि आबांची आमटी एकाच पातळीवर. आता कुणी कुणाकडे दुर्लक्ष करायचं?

मग इंजिनिअरच्या सवयीनं आधी आठवडाभर नोंद ठेवली. सात रात्रींपैकी पाच रात्री बंड्याला ताटातलं काहीही मिळालं नव्हतं. दोनदा मात्र आबांच्या हातून पोळीचा तुकडा गेला होता. आई म्हणाली, "दोनदाच तर दिलं, त्यानं काय होतंय?" गंमत म्हणजे सगळं त्या 'दोनदाच'नंच होतं. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली याच विषयावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांच्या प्रयोगांतली कबुतरं दाणा अधूनमधून, कधीही मिळायला लागला की चोच मारणं सोडत नसत. दाणे बंद केले तरी किती तरी वेळ मारतच राहत. जुगाराच्या मशीनसमोर माणूस खिळून राहतो तो याच कारणानं. रोज मिळत असतं तर बंद झाल्यावर बंड्याला लवकर कळलं असतं. इथे त्याला रोज वाटायचं, आज लॉटरी लागेल!

त्यात आपल्या ताटात कुत्र्याला न चालणाऱ्या गोष्टी बऱ्याच. कांदा आणि लसूण, मग ते शिजवलेले का असेनात, त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडांवर उठू शकतात. म्हणजे कांदेपोहे, लसणाची चटणी, प्रसादाचा शिरा.. सगळंच बाद.

उपाय तसा सोपा आहे. एक जुनी सतरंजी जेवणाच्या जागेपासून सात-आठ फुटांवर टाकली. जेवणाची वेळ सोडून एरवी सराव. "जागेवर" म्हणायचं, तो सतरंजीवर गेला की तिथेच खाऊ द्यायचा. आधी पाच सेकंद, मग अर्धा मिनिट, मग पाच मिनिटं. शब्द सगळ्यांचा एकच. (आधी बाबा "सिट" म्हणायचे, आई "हो तिकडे" आणि आबा "अरे अरे अरे". एका फंक्शनला तीन नावं दिली की काय होतं ते सांगायला नको.) आणि त्याचं स्वतःचं जेवण आमच्या आधी.

पहिले चार दिवस भुंकणं उलट वाढलं. हे अपेक्षितच असतं. लिफ्ट येत नाही म्हटल्यावर आपण बटण सात वेळा दाबतो, तसंच. चौथ्या दिवशी कंटाळून तुकडा दिलात तर तो एवढंच शिकतो की चार दिवस भुंकावं लागतं.

बंड्या आठवड्यात वळणावर यायला लागला. अडचण आली ती आबांची.

आजी २०२१ मध्ये गेली. त्यानंतर आबा एका पोळीवर उठायचे. आग्रह केला की म्हणायचे, "भूक नाही रे." बंड्या आल्यावर दुसरी पोळी ताटात आली. तुकडा-दोन तुकडे त्याचे, पण उरलेली तरी आबांच्या पोटात जायची. आता सतरंजी आली आणि आबा पुन्हा एका पोळीवर! बोलले काहीच नाहीत. आईनं पोळ्यांचा डबा बघून ओळखलं.

आबांचा तुकडा बंद करून बंड्याला शिस्त लावण्यात मला काही अर्थ वाटेना. त्या तुकड्याला हरकत नव्हतीच, हरकत होती ती त्याच्या जागेला आणि वेळेला. म्हणून नियम थोडा बदलला. आई एक छोटी, बिनमिठाची, बिनतुपाची पोळी वेगळी काढते. सगळ्यांची जेवणं झाली, आबांचं ताट रिकामं झालं, हात धुतले की आबा सतरंजीपाशी जातात आणि त्याच्या वाडग्यात ती कुस्करतात. बाकी कुणी द्यायची नाही. ताटाजवळ कधीच काही मिळत नाही आणि सतरंजीवर रोज मिळतं, हे गणित बंड्याला चटकन कळलं.

मी म्हटलं, "आबा, तुमचं ताट रिकामं होईपर्यंत तो बसून राहणार हं."

"मग वाढ दुसरी," आबा म्हणाले. "ताटकळत ठेवू नये मुक्या जनावराला."

अजून पाहुणे आले की बंड्या सतरंजीवरून दोनदा तरी उठतो, आणि भाचा आला की सगळंच मुसळ केरात. असो. तुमच्याकडेही कुत्रा ताटाशी घुटमळत असेल तर चोरून कोण देतं ते आधी शोधा. पण सापडल्यावर लगेच ओरडू नका, का देतं तेही बघा.