दवाखान्याच्या फाटकाच्या आत

नांदगाव पेठ

चि. बाळास,

"आत्या, मी गाडी बुक करून देतो ना, मग सोबत माणूस कायले पाहिजे?" हे तुझं परवाचं बोलणं काही केल्या मनातून जात नाही. अरे, गाडीसाठी अडलंय कुठे? पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, अमरावतीही जवळच. अडतं ते दवाखान्याच्या फाटकाच्या आत.

मागच्या महिन्यात दादा तुझ्या त्या गाडीनं एकटाच गेला. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? हा म्हणे, "एक पांढरी, एक गुलाबी." ऐकू कमी येतं हे सांगायची लाज, नुसती मान हलवून घरी आला. चार दिवसांनी न्हाणीत भोवळ आली, तेव्हा मी त्याचा डबा उपडा केला. जुन्या आणि नव्या पाकिटावर कंपन्यांची नावं वेगळी, खाली बारीक अक्षरात औषध एकच, अम्लोडिपिन. दोन्ही इमानेइतबारे घेत होता. तुला सांगू नको म्हणाला होता, आता सांगतेच.

बाळंतिणीसोबत आशाताई डफरीन दवाखान्यापर्यंत जाते. म्हाताऱ्या माणसासोबत कोण? उपचारांच्या खर्चाची फुले योजना आपल्या जिल्ह्यात 2012 मध्ये पहिल्याच टप्प्यात आली, तेव्हा तिला राजीव गांधींचं नाव होतं. त्या योजनेचा आरोग्यमित्र कागदपत्रं पाहतो, डॉक्टरांसमोर शेजारी बसत नाही. ते त्याचं कामही नाही. 2007 च्या कायद्यात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग आहे. तू पाठवलेला ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर, 14567, मी भिंतीवर लिहून ठेवलाय. पण फोनवरचा माणूस हात धरून जिना चढवेल का?

माझं म्हणणं एवढंच, की गावोगावी दवाखान्यात सोबत जाणारी चार माणसं हवीत. एनएसएसची पोरं असोत, निवृत्त मास्तर असोत. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालायची, काय विचारायचं ते आदल्या रात्री कागदावर लिहायचं, आणि घरी आल्यावर डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवायची. मधे मधे बोलायचं मात्र नाही. दुखणं ज्याचं, त्यालाच सांगू द्यायचं. गाडगेबाबांच्या मुलखात हे जड का जावं? त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयातल्या कॅन्सर रुग्णांना सोबतच्या माणसांसकट थारा देते.

तुला शेवया बांधून देणारी ती शेजारची आजी आठवते ना? तिची मोतीबिंदूची तारीख दोनदा गेली. सोबत नातेवाईक आणा म्हणतात, आणि तिचं कोण उरलंय? सोमवारी मी जाते तिच्यासोबत. नेमकी त्याच दिवशी दादाची उपाशीपोटी रक्ततपासणी आहे. त्याला साखरेची गोळी घेऊन उपाशी बसायची खोड, हे तुला ठाऊक आहे. दोघांकडे एकटी कशी पाहू, या विचारानं झोप लागत नाही. रजा मिळते का ते आजच विचार आणि शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं निघ. त्याचे जुने रिपोर्ट तुझ्याकडेच आहेत, ते विसरू नकोस.

तुझी,
आत्या