गाडीची किंमत विचारताना

मोटारगाडीला एकच किंमत नसते. एक किंमत वर्तमानपत्रातील जाहिरातीत असते. दुसरी शोरूमच्या काचेवर लावलेली असते आणि तिच्याखाली मुंगीच्या अक्षरांत 'अटी लागू' असे छापलेले असते. तिसरी, जिला 'ऑन-रोड' म्हणतात, ती विक्रेत्याच्या संगणकात वस्तीला असते. आणि ज्या रकमेला ती गाडी अखेर आपल्या अंगणात येऊन उभी राहते, ती चौथी. या चार किमतींच्या दरम्यान आम्ही उभयतांनी २०२५ सालच्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पुष्कळ पायपीट केली. आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांत आज ना उद्या हा प्रसंग येणार आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

कुंभवलीत राहणाऱ्या माणसाला गाडी ही चैन की गरज, यावर आमच्या घरी अनेक वर्षे वाद चालला होता. बोईसर स्टेशन गाठायला रिक्षा आहे. २०१३ पासून लोकलही डहाणूपर्यंत जाते. तारापूरच्या कारखान्यांत जाणारा माणूस पाळीच्या बसने किंवा मोटारसायकलवर जातो. दिवसाउजेडी सारे ठीक असते. पण मोठे दुखणे आले की येथील माणसाला आजही वापी, वलसाड किंवा मुंबई गाठावी लागते, आणि दुखणे घड्याळ पाहून येत नाही. जुलैमधील एका मुसळधार रात्री आईला धाप लागली. दुसरी पाळी संपवून नुकत्याच घरी आलेल्या शेजाऱ्याने अंगावरचे कपडेही न बदलता आपली गाडी बाहेर काढली. आई वाचली आणि घरातला वादही मिटला.

आमच्या पिढीला गाडी विकत घेण्याचा अनुभव नाही. गाडीची वाट पाहण्याचा मात्र आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि बंगालमधील अँबेसेडर, या दोहोंपैकी एकीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. बजाजच्या स्कूटरचीही तीच कथा. ज्यांचे कोणी आखाती देशांत किंवा बोटीवर होते, त्यांनी परकीय चलनात पैसे भरले तर स्कूटर लवकर मिळे, आणि तो वडीलबंधू गावात आला की त्याचा मान वेगळाच असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली तिच्या मालकाच्या हाती दिली आणि हळूहळू ते युग सरले. त्या काळी विकणारा देता होता आणि घेणारा याचक. आता बाजारात गाड्या उदंड झाल्या, तेव्हा पारडे उलटले असेल अशी आमची समजूत होती.

शोरूमचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. काचेचे दार एका मुलीने उघडले. चहा आला. पंचविशीच्या आतला एक तरुण, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला ओळखपत्र, समोर येऊन बसला. त्याचा पहिला प्रश्न होता, "सर, आपलं बजेट किती?"

आम्ही म्हटले, "गाडीची किंमत किती?"

तो हसला. "आपण बजेट सांगा, मग बसवू आपण."

बोईसरच्या बाजारात पापलेट घेऊन बसलेली कोळीण कधी तुमचे बजेट विचारीत नाही. ती आपला भाव चढा सांगते. आपण निम्मा सांगतो. ती आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करते आणि मध्ये कोठेतरी सौदा तुटतो. पण मासळी समोर पाटीत असते. कल्ला उचलून लाल आहे की नाही ते पाहता येते. बोललेला भाव शेजारच्या दोघींनीही ऐकलेला असतो. येथे मात्र आमच्या खिशाचा कल्ला आधी उचलला गेला.

जुन्या करारातील एका व्यवहाराची आम्हांला त्या वेळी आठवण झाली. सारा वारल्यावर तिला पुरण्यासाठी अब्राहाम एफ्रोन हित्तीकडे मखपेलाची गुहा विकत मागतो. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात ही हकिकत आहे. एफ्रोन प्रथम म्हणतो की पैशांचे कसले घेऊन बसलात, शेत असेच घ्या. मग बोलता बोलता सहज सांगतो की चारशे शेकेलांची तर जमीन, तुमच्या-आमच्यात तेवढ्याचे काय! शोकात बुडालेला म्हातारा घासाघीस न करता चांदी तोलून देतो. विक्रेत्याचा हा आपलेपणा चार हजार वर्षांत फारसा बदललेला नाही. तरी एफ्रोनाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याने आकडा स्वतःच्या तोंडाने आणि गावाच्या वेशीत चारचौघांदेखत सांगितला. आमचा तरुण दर दहा मिनिटांनी "साहेबांना विचारून येतो" म्हणून आतल्या केबिनमध्ये जाई. ते साहेब आम्हांला शेवटपर्यंत दिसले नाहीत.

अखेर एक कागद छापून आला. गाडी साधी, पेट्रोलवरची. शोरूमची किंमत साडेसहा लाखांच्या घरात. तिच्याखाली ओळीने वाहनकर, विमा, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, फास्टॅग आणि 'हँडलिंग' असे आकडे होते. वाहनकराबद्दल तक्रार नाही. आपल्या राज्यात या किमतीच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के पडतो आणि तो सरकारात जातो. हँडलिंग म्हणजे काय, असे विचारता गाडी गोदामातून येथवर आणण्याचा खर्च, असे उत्तर मिळाले. 'एक्स-शोरूम' या शब्दाचा अर्थच मुळी शोरूमच्या दारातील किंमत असा आहे, हे आम्ही दाखवून दिले. साहेबांना विचारून आल्यावर ती ओळ खोडली गेली. एका वाक्याने काही हजार रुपये खोडले जात असतील, तर जो ते वाक्य बोलत नाही त्याच्याकडून ते कशाचे घेतले जातात?

विम्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण खरी गोम तेथे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर ठरवून दिलेला असतो. तो कोणाकडेही घ्या, तेवढाच पडतो. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. तो एक वर्षाचा घेतला तरी चालतो, आणि कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे ठरविणे ग्राहकाच्या हाती असते. शोरूमच्या कागदावरील आकडा आणि आमच्या ओळखीच्या विमा एजंटाने काढून दिलेला आकडा यांत तेरा हजारांचे अंतर निघाले. तरुणाचे म्हणणे, "बाहेरून घेतलात तर क्लेमच्या वेळी त्रास होईल, काका." आम्ही 'सर'चे 'काका' झालो होतो. आईच्या गळ्यातील क्रूस पाहून त्याने हेही सांगून ठेवले की लवकर घेतलीत तर आजींना सप्टेंबरातील वांद्र्याच्या जत्रेला मोतमाउलीच्या दर्शनाला नव्या गाडीतून नेता येईल. आईला ते फार आवडले. आम्हांला तितकेसे आवडले नाही.

अकरा हजार रुपये भरून आम्ही नाव नोंदविले. त्यानंतर आठवड्याभरात, १५ ऑगस्टला, पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितले की दिवाळीपर्यंत वस्तू व सेवा करात मोठी सुधारणा होईल. छोट्या गाड्या स्वस्त होणार, अशी चर्चा वर्तमानपत्रांतून सुरू झाली. त्या दिवसापासून तरुणाचे फोन वाढले. गणपतीपूर्वी गाडी उचला, तीस हजारांची सूट आहे, पुढे राहणार नाही. कराविषयी विचारले की तो म्हणे, "सरकारचं काही खरं नसतं, काका."

आम्ही थांबलो. ३ सप्टेंबरला परिषदेचा निर्णय झाला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरील २८ टक्के कर आणि वरचा १ टक्का उपकर जाऊन २२ सप्टेंबरपासून केवळ १८ टक्के कर राहिला. पूर्वी एकशे एकोणतीस रुपयांना पडणारी वस्तू एकशे अठराला, असा सरळ हिशेब मांडला तर आमच्या गाडीमागे पंचावन्न हजार वाचत होते. वाहनकरही किमतीवरच बसत असल्याने आणखी सहा हजार. म्हणजे तीस हजारांच्या सुटीसाठी साठ हजार सोडून द्या, असा तो आग्रह होता. मग शोरूममधून सांगण्यात आले की तुमची नोंदणी जुन्या दराची आहे. ते खरे नव्हते. कर बिलाच्या तारखेला जो असेल तो लागतो, नाव नोंदविल्याच्या तारखेचा नव्हे. हे आम्ही लेखी मागितले, तेव्हा तो विषय पुन्हा निघाला नाही.

संत थोमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा प्रश्न जवळजवळ असाच विचारून ठेवला आहे. 'सुम्मा थिओलॉजिए'मध्ये खरेदी-विक्रीतील लबाडीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते घेणाऱ्याला दिसतेच, पण जो दोष दिसत नाही आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होते, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे ते म्हणतात. त्यातच एक उदाहरण येते. दुष्काळी गावात एक व्यापारी गहू घेऊन येतो. मागून आणखी व्यापारी गहू घेऊन येत आहेत आणि भाव उतरणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते गावकऱ्यांना सांगावे काय? संतांचे उत्तर मोठे संयमी आहे. न सांगितले तर न्यायाचा भंग होत नाही. सांगितले, किंवा भाव कमी केला, तर तो अधिक मोठा सद्गुण. आम्ही त्या तरुणाकडून मोठ्या सद्गुणाची अपेक्षा धरली नव्हती. पण मागून गहू येतच नाही, असे सांगणे हे संतांच्या सवलतीत बसत नाही. शिवाय त्याच्या मालकाचीही अडचण होती. गोदामातील गाड्यांवर भरून ठेवलेला उपकर नव्या दरानंतर खात्यात अडकून पडणार, ही देशभरच्या विक्रेत्यांची चिंता त्या दिवसांत छापून येत होती. ती चिंता खरी होती. ती आमच्या आईच्या जत्रेचे निमित्त करून आमच्या गळ्यात घालण्याचे कारण नव्हते.

गाडी ठरल्यावर पूर्ण पैसे भरण्यापूर्वी आम्ही चॅसी क्रमांक मागितला. गाडी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात बनली हे त्यावरून काढता येते, आणि विक्रेता जो फॉर्म २१ देतो त्यातही ते नमूद असते. आमच्या वाट्याला काढून ठेवलेली गाडी आठ महिन्यांपूर्वीची निघाली. आम्ही दुसरी मागितली. हा अतिशहाणपणा वाटत असेल त्यांनी गोव्यातील एका ग्राहकाचा खटला पाहावा. नवी गाडी म्हणून २००९ साली बनलेली, अगोदरच ६२२ किलोमीटर धावलेली गाडी विक्रेत्याने त्याला दिली, अशी ती तक्रार. ग्राहक मंचापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले की विक्रेत्याच्या कृत्याची माहिती कंपनीला होती असे सिद्ध झाल्याखेरीज त्याची जबाबदारी कंपनीवर टाकता येत नाही. विक्रेता सुटला नाही, पण कंपनी सुटली. मोठ्या नावाच्या पाटीखाली आपण गाडी घेतो तेव्हा व्यवहार पाटीशी नसतो, पाटीखाली बसलेल्या दुकानदाराशी असतो.

आणि त्या दुकानदाराचा चेहरा म्हणजे हा पोरगा. सप्टेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी त्याचा फोन आला. या वेळी आवाजात शोरूम नव्हते. "काका, इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्या ना. बाहेरून घेतला की माझा इन्सेंटिव्ह कटतो." मग त्याने सांगितले की पगार तुटपुंजा, महिन्याला इतक्या गाड्या, इतके विमे, इतक्या वॉरंट्या, असा आकडा ठरलेला. तो पालघरच्या पलीकडच्या एका गावचा. सकाळी नऊपासून रात्री शटर पडेपर्यंत उभा. बजेट विचारण्याचा तो पहिला प्रश्न, मधाळ 'काका', ती जत्रा, हे सारे त्याला कोणीतरी शिकविलेले होते, आणि न शिकला तर काढून टाकण्याची सोयही करून ठेवलेली होती.

आमच्या घरी त्या रात्री पुन्हा वाद झाला. घरातून सूचना आली, देऊन टाका तेरा हजार, पोराचे भले होईल. हिशेब केला तर त्या तेरा हजारांतून त्याच्या हाती काहीशे रुपये पडणार होते. बाकीचे केबिनमध्ये जाणार होते. कामगाराची मजुरी मालकाने द्यावी. ती ग्राहकाच्या अज्ञानावर टांगून ठेवणे हे मजुरी न देण्यासारखेच आहे, असे आमचे मत आहे. आम्ही विमा बाहेरूनच घेतला. तसे त्याला फोनवर स्वतः सांगितले, कारणासह. तो "बरं काका" म्हणाला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी मिळाली. तिच्यावर लाल मखमली आच्छादन होते, केक होता, फोटो होते. किल्ली दिली ती एका अनोळखी मुलीने. आमचा तरुण नोकरी सोडून गेला होता, की त्याला सोडायला लावले होते, हे तिला सांगता आले नाही. तिने एकच विनंती केली. कंपनीतून फोन येईल, तेव्हा दहापैकी दहा गुण द्या.

रविवारी मिस्सानंतर फादरांनी गाडीला आशीर्वाद दिला. आई पुढच्या आसनावर बसली आणि पट्टा लावायला तिने साफ नकार दिला. फादरांनीच तिला तो लावून दिला.

मंगळवारी कंपनीचा फोन आला. विक्री प्रतिनिधीला किती गुण द्याल? आम्ही त्याचे नाव सांगून दहा दिले. शोरूमला किती? आम्ही म्हटले, त्यावर थोडे सविस्तर बोलायचे आहे. पलीकडचा आवाज म्हणाला, "सर, फक्त आकडा सांगा."