न सांगता कोणाला कळते?

बिस्किटांच्या खोक्यात खडे भरून ते मुलाला दाखवले आणि विचारले, "आईने बंद खोके पाहिले, तर तिला आत काय आहे असे वाटेल?" तीन वर्षांचे मूल बहुधा "खडे" म्हणते. स्वतःला ठाऊक ते आईलाही ठाऊक असणारच! पाच-सहा वर्षांचे मूल "बिस्किटे" म्हणते. देवाविषयी विचारले, की मात्र "खडे" म्हणते. अमेरिकेतील हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मेक्सिकोतील युकातानच्या माया मुलांपुढे भोपळ्याचे भांडे ठेवून असेच विचारले गेले. त्यांनीही देव आणि माणूस यांत असाच भेद केला.

वसतिगृहात मुलांसोबत राहताना या उत्तरांत मला बालमनाचे पहिले एकटेपण दिसते. आईलाही आपल्या मनातले दिसत नाही, हे कळण्याचेच ते वय. देव मानणाऱ्या घरात 'त्याला तरी कळते' हा आधार उरतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धेला धम्मात स्थान दिलेले नाही. मग आपल्या मुलाने रात्री उशीत तोंड खुपसले, तर ते कोणी जाणावे? शेजारच्या खाटेवरच्या मित्राने, अधीक्षकांनी, भेटीला आलेल्या आईवडिलांनी. माणसाला विचारल्यावाचून कळत नाही. म्हणून विचारपूस हे मैत्रीचे पहिले आचरण होय.

पालकहो, भेटीच्या दिवशी गुणांआधी मनाची चौकशी करा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.