नावे जपणारे गाव

व्हिएतनाममध्ये नवी ओळख झाली की 'तुमचे मूळ गाव कोणते?' असे हमखास विचारतात. जन्म सायगॉनचा असला तरी उत्तरात वडिलांचे, आजोबांचे गाव सांगायचे, अशी तिकडची रीत. नुसत्या आडनावावरून माणूस सापडत नाही, कारण जवळपास दर तिघांत एकाचे आडनाव 'नुयेन' असते. खरी ओळख पटते ती गावावरून आणि घराण्याच्या वंशवहीवरून.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही काही उपासक-उपासिका हानोईजवळच्या बाक निन्ह प्रांतातील दाउ विहार पाहण्यास गेलो होतो. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत भारतातील भिक्खूंनी या परिसरात धम्म पोहोचविला. विहारात ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एक व्हिएतनामी बाई भेटल्या. वय पन्नास, पेशाने परिचारिका. जवळच्या खेड्यात आजोबांचे घराणे शोधण्यास त्या निघाल्या होत्या. त्यांनी मला व माझ्या पत्नीला आग्रहाने सोबत नेले. गावकऱ्यांचे बोलणे त्याच आम्हाला इंग्रजीतून सांगत होत्या.

1954 साली देशाचे दोन भाग झाले, तेव्हा उत्तरेतून दक्षिणेत गेलेल्या लाखो लोकांत त्यांचे आजोबा होते. 1975 मध्ये सायगॉन पडले. त्यानंतरच्या वीस वर्षांत सुमारे 8 लाख माणसे होड्यांतून परक्या किनाऱ्यांना लागली. बाई आईवडिलांसोबत अशाच वाचल्या. काका दुसऱ्या होडीत होते. ती होडी कुठेच पोहोचली नाही.

गावात घराण्याचे सामायिक पूर्वजगृह आहे. दारात साठीचे एक गृहस्थ पुढे आले, वाकले आणि बाईंना चक्क 'आत्या' म्हणाले! तिकडे नाते वयावर नाही, पिढीवर ठरते. आयुष्यात प्रथमच भेटलेल्या पुतण्याकडे बाई पाहतच राहिल्या.

पुतण्याने वंशवही काढली. जुनी प्रत चिनी अक्षरांत होती. ती वाचणारे आता गावात कोणी उरले नाही. म्हणून घराण्याने वेळीच ती आजच्या रोमन वळणाच्या लिपीत उतरवून घेतली होती. त्यात आजोबांचे नाव सापडले. पुढे एवढेच लिहिले होते: 'दक्षिणेत गेले.' त्याखाली पान कोरे.

बाईंनी एकेक नाव सांगितले. काकांची मृत्युतिथी विचारली तेव्हा त्या थांबल्या. तिकडे जन्मदिवसापेक्षा मृत्युतिथीला मान असतो. त्या दिवशी सारे कुटुंब एकत्र जेवते. पुतण्या शांतपणे म्हणाला, "ज्या दिवशी घर सोडले, तीच तिथी लिहू." युद्धात वा समुद्रात हरवलेल्यांसाठी अनेक घरे असेच करतात.

मग बाईंनी स्वतःचे आणि बहिणीचे नाव लिहिण्यास सांगितले. जुन्या वह्यांत मुलींना फारसे स्थान नसे. पुतण्या क्षणभर घुटमळला. बाई म्हणाल्या, "एवढ्या लांबून मीच आले ना?" त्याने दोघींची नावे लिहिली.

वाचकहो, अशा वहीसाठी मोठे घराणे लागत नाही. शंभर पानी वही पुरते. घरातील वृद्ध माणसे बोलती आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावे आणि नावे लिहून घ्यावीत, आजीची आणि आत्याचीसुद्धा.