गड न चढता घेतलेले दर्शन

वाचकहो, हृदयविकाराचे निदान झालेल्या ज्येष्ठांच्या घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो: आता प्रवास संपला का? आमच्याही घरात तो उभा राहिला. यजमानांचे वय 74. हृदयाचे ठोके वर्षभर अनियमित आणि इकोच्या अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन 35 टक्के. म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा आपल्यातील जेमतेम एकतृतीयांश रक्त प्रत्येक ठोक्यासरशी पुढे ढकलतो. निरोगी हृदयात हे प्रमाण साधारण 55 ते 70 टक्के असते. त्यांचे बालपण तलासरीत गेलेले. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा गड चढण्याचा नेम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला होता. “एकदा जाऊन येऊ,” एवढेच ते म्हणाले. वजन, नाडी आणि औषधे स्थिर आहेत याची खात्री करून डॉक्टरांनी प्रवासाला अनुमती दिली. गड चढण्याला मात्र नाही. त्या वाटेने आज तुम्हाला नेते.

चैत्रातील यात्रेची गर्दी आणि उन्हाचा ताप टाळून आम्ही पौष महिना निवडला. पश्चिम रेल्वेची लोकल 2013 पासून डहाणू रोडपर्यंत धावते. प्रवासात लघवीची अडचण नको म्हणून अनेक ज्येष्ठ पाणी उतरवणारी गोळी परस्पर टाळतात. तुम्ही तसे करू नका; त्या दिवसापुरती वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. औषधे दोन दिवस अधिक पुरतील इतकी घ्या आणि ती सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा. त्याच पिशवीत ताजा इको, ईसीजी आणि औषधांची यादी असू द्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचे नाव यादीत सर्वांत वर लिहा.

डहाणूहून बोर्डीपर्यंतचा सतराएक किलोमीटरचा किनारा सुरूच्या बनांनी सावलीत ठेवला आहे. चढ नसलेली ही वाट दुबळ्या हृदयाला मानवते. कोरडी वाळू पाय ओढते. ओहोटीनंतरच्या घट्ट, ओलसर वाळूवर सावकाश चाला. चालताना सहज बोलता येत असेल तर वेग योग्य. वाक्य अर्ध्यावर तुटू लागले की बसा.

वाटेत खाडी दिसेल. मधल्या प्रवाहात पाणी वाहते राहते, पण कडेच्या खाचेत ते साचते आणि गाळ धरते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. मग डाव्या वरच्या कप्प्याच्या एका छोट्या पिशवीसारख्या भागात रक्त साकळते. तिथली गुठळी सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. म्हणूनच धडधड जाणवत नसली तरी रक्त पातळ ठेवणारे औषध आपल्या मनाने थांबवायचे नसते. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्या रुग्णांना बहुधा वॉरफरिनच दिले जाते; इतर अनेकांना नव्या गोळ्या चालतात.

घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत पाहुणचार आग्रहाचा. येथील चिकूला भौगोलिक मानांकन लाभले आहे. एखादा चिकू जरूर खा. मधुमेह असेल तर प्रमाण विचारून घ्या. ताडीचा आग्रह मात्र नम्रपणे नाकारा, कारण मद्य ठोक्यांची अनियमितता वाढवते. खारवलेली मासळी, पापड, लोणचे यांतून मीठ नकळत पोटात जाते, मीठ पाणी धरून ठेवते आणि त्या पाण्याचा भार हृदयावर येतो. वॉरफरिन घेणाऱ्यांनी आणखी एक जपावे. पावसाळ्यात या भागात टाकळ्यासारख्या रानभाज्यांची लयलूट असते. पालेभाजी वर्ज्य नाही. पण एरवी थोडी खाणाऱ्याने एकाएकी रोज भरपूर खाल्ली, तर तिच्यातील ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम घटतो. प्रमाण बारमाही सारखे ठेवावे, हेच उत्तम.

डहाणूहून चारोटीकडे जाताना गंजाड लागते. वारली चित्रकला जगभर पोहोचवणारे, 2011 मध्ये पद्मश्री लाभलेले जिव्या सोमा म्हसे याच गावचे. वारली चित्रांतले तारपा नृत्य तुम्ही पाहिले असेल: मध्ये एक तारपावाला आणि त्याच्या सुरावर पावले टाकणारे वर्तुळ. निरोगी हृदयात असाच एक तारपावाला असतो. आमच्या यजमानांच्या हृदयात मात्र कोपऱ्याकोपऱ्यातून शेकडो तारपे एकदम वाजतात, आणि खालचे कप्पे जमेल त्या सुरावर धावतात. हे सात दिवसांहून अधिक टिकले की त्याला ‘पर्सिस्टंट’ म्हणतात. ही धावपळ दीर्घकाळ चालली तर त्या श्रमानेच स्नायू दुबळा होतो. दिलासा असा की वेग आवरला, तर काहींच्या बाबतीत गेलेले बळ पुष्कळसे परतते. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. विश्रांतीत ती सतत 110 च्या वर राहिली, तर डॉक्टरांना कळवा. घरच्या यंत्रावर रक्तदाबाचे आकडे वेगवेगळे येतील. तीनदा मोजून सरासरी लिहा.

चारोटीच्या पुढे महामार्गालगत विवळवेढ्याचे महालक्ष्मी मंदिर. देवीचे मूळ स्थान वर डोंगरावर. आख्यायिका अशी की एक गरोदर आदिवासी स्त्री गड चढताना मूर्च्छित झाली, तेव्हा तिच्यासाठी देवीच पायथ्याशी येऊन राहिली. यजमान बराच वेळ गडाकडे पाहत राहिले. मी काही बोलले नाही. काळजी घेणाऱ्या वाचकांना सांगते, अशा क्षणी समजावण्याची घाई करू नये. हृदय दुबळे झाल्यावर माणूस नुसता दमत नाही. आपल्याच जुन्या सामर्थ्याचा शोक करत असतो. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, “ती खाली आलीच आहे, तर आपण वर कशाला?” आणि पायथ्याच्या गाभाऱ्याकडे वळले.

तिथून तलासरी. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. ऐन थंडीत माणसे घराबाहेर झोपली. पुढचा धक्का केव्हा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. तरी शेते कसली गेली, मुले शाळेत गेली. आमच्याही घरी तेच चालते. भीतीला रोज सोबत घेता येत नाही. तयारी मात्र ठेवता येते. चेहरा एका बाजूला वाकडा, हात लुळा किंवा बोलणे अडखळते दिसले, तर क्षणही न दवडता 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध पक्षाघात सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येते; म्हणून लक्षणे केव्हा सुरू झाली हे लक्षात ठेवा आणि रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असल्याचे आधी सांगा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, पायांवर सूज आली किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला, तरी वाट पाहू नका. सांधे दुखले म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी घेऊ नका. तिने रक्तस्राव आणि शरीरातील पाणी, दोन्ही वाढू शकतात.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान नेहमीप्रमाणे वजनकाट्यावर उभे राहिले. वजन निघताना होते तेवढेच. वहीत त्यांनी वजन लिहिले, नाडी लिहिली आणि खाली एक ओळ जोडली: दर्शन झाले.