अण्णांचं फोल्डर, माझं सामान

२००८ ची दिवाळी. उमरग्याला घरी पोचलो तर अण्णांचा कंप्युटर बंद पडलेला. दुकानदार म्हणाला मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. अण्णांना कंप्युटरचं फारसं काही वाटत नव्हतं. "आजीचा फोटो तेवढा काढून दे त्यातनं," एवढंच म्हणाले.

आता या फोटोसाठी थोडं मागे जायला हवं.

आमचं मूळ गाव सास्तूर. आता ते लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा उमरगा तालुक्यात होतं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाच्या मातीचा भार. आम्ही अण्णांच्या नोकरीमुळे उमरग्यात होतो, म्हणून वाचलो. घर गेलं, आजी गेली आणि ट्रंकेतले सगळे फोटोही गेले.

आजीचा एकच फोटो उरला होता, कल्याणच्या आत्याकडे. माळवदावर सांडगे वाळत घालतानाचा. २००४ मध्ये आतेभावाने तो सायबर कॅफेत स्कॅन करून अण्णांना मेल केला. आमचं डायल-अप म्हणजे काय सांगावं... फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उघडत होता. आधी आभाळ, मग डोक्यावरचा पदर, मग कपाळ. अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले होते. वीज जाऊ नये म्हणून आई देवापुढे बसली होती म्हणतात. (हे अण्णांचं व्हर्जन!)

पुढच्याच वर्षी २६ जुलैच्या पुरात आत्याच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं आणि मूळ फोटो गेला. मेलबॉक्स म्हणाल तर कित्येक महिने उघडला नाही म्हणून रिकामा करून टाकलेला.

"अण्णा, फोटो सेव्ह केला होता का तुम्ही?"

"सेव्ह कशाला? आतच हाय की. बघितलाय ना मी."

"नुसतं बघून तो कंप्युटरमध्ये येत नाही अण्णा. तो इंटरनेटवर असतो."

हे वाक्य मी बोललो. नोकरीचं तिसरं वर्ष, कंपनीचा लॅपटॉप, गळ्यातली पट्टी घरी आल्यावरही बॅगेत जपून ठेवलेली. अण्णा काही बोलले नाहीत. उठून गेले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ब्राउझर कुठलंही चित्र दाखवतो ते आधी आपल्या डिस्कवर उतरवून घेऊन! पुन्हा तेच पान उघडलं तर परत मागवायला नको, म्हणून ते टेम्पररी इंटरनेट फाइल्स या फोल्डरमध्ये ठेवतो. जागा भरली की जुनं काढून टाकतो. पण आमच्या घरी आठवड्याला तासभर नेट, तेही रांगत. ती जागा भरणार कधी?

सकाळी अण्णांची हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली, माझ्या लॅपटॉपला जोडली. विंडोज एक्सपी होतं. अण्णांचं ते फोल्डर उघडलं. भराभर यादी आली. नाव, इंटरनेट ॲड्रेस, एक्स्पायर्स, लास्ट ॲक्सेस्ड... अण्णा मागे चष्मा लावून उभे. मोठ्याने वाचायला लागले. एक लग्न जुळवणाऱ्या साइटचा पत्ता. त्याखाली तसाच अजून एक. मग अजून एक.

"हे मी बघत होतो?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मंडळी, ती यादी माझी होती. माझ्या लॅपटॉपवरची, मागच्या महिन्याची. फोल्डर अण्णांचं आणि आत सामान माझं! दुसऱ्याच्या घराचं दार उघडावं आणि आत आपलीच खोली दिसावी, तसं.

झालं होतं असं. त्या फोल्डरमध्ये डेस्कटॉप.आयएनआय नावाची एक लपलेली फाइल असते. ती एक्सप्लोररला सांगते, "हे फोल्डर तू दाखवू नकोस, त्यासाठी वेगळा माणूस आहे." हा वेगळा माणूस, म्हणजे विंडोजचाच एक छोटा प्रोग्रॅम, फोल्डरमध्ये डोकावतच नाही. तो विचारतो, आत्ता लॉग-इन कोण आहे? आणि त्याच्या कॅशची वही काढून वाचून दाखवतो. त्या वहीचं नाव इंडेक्स.डॅट. तुम्ही दार कुणाचंही वाजवा, वही तुमचीच उघडणार. खऱ्या फाइली असतात कंटेंट.आयई५ नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये. ते एक्सप्लोररच्या यादीत दिसतच नाही, 'लपलेल्या फाइली दाखवा' म्हटलं तरी नाही.

मग काळी खिडकी उघडली. कमांड प्रॉम्प्ट. त्याला वही वगैरे काही माहीत नाही, डिस्कवर जे आहे ते सांगतो. कंटेंट.आयई५ मध्ये शिरलो. आठ-आठ अक्षरांच्या अगम्य नावांची फोल्डरं आणि त्यांत फाइली. प्रत्येक नावामागे चौकटी कंसात एक आकडा. सगळी जेपीजी चित्रं बाहेर कॉपी केली आणि थंबनेल लावले. साइटींची बटणं, पिवळे हसरे चेहरे, सोयाबीनच्या जाहिराती, सचिन... आणि सांडगे.

आकडा एक लागलेली फाइल. साधारण बोटभर रुंदीची आजी, उन्हामुळे डोळे बारीक केलेली.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणलो होतो ना, आतच हाय म्हणून."

यावर मी काय बोलणार? तीन वर्षं पगार घेऊन मला जे सुचलं नाही, ते त्यांना डोळ्यांनी बघितल्यामुळे माहीत होतं. मी मात्र एक्सप्लोररच्या यादीवर विश्वास ठेवला असता तर "नाहीये अण्णा" म्हणून डिस्क कपाटात टाकली असती, कदाचित भंगारात.

असो. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. आताच्या क्रोमचं कॅश फोल्डर उघडून पाहा, फाइलींना धड नावंही नसतात, नुसते क्रमांक. त्यातून आजी शोधणं अवघडच. तेव्हा या वीकेंडला एक काम करा. घरच्यांना विचारा, "कुठला फोटो आहे की जो फक्त 'आत' आहे?" आणि ते आत म्हणजे कुठे, ते स्वतः जाऊन बघा. यादीवर जाऊ नका.

फोटो आता उमरग्याच्या घरी फ्रेममध्ये आहे. मोठा केल्यामुळे जरा फुटलाय, चौकोन चौकोन दिसतात. पाहुणे आले की अण्णा सांगतात, "पोराने काढून दिला." पहिलं वाक्य कोण काय बोललं होतं, ते सांगत नाहीत.