शंभरातले किती?

मोठ्या सेवाभावी संस्थेचा वार्षिक अहवाल मी आयुष्यात पहिल्यांदा चाळला तो २०२१ च्या पावसाळ्यानंतर. गुळगुळीत कागद, पानोपानी हसरी मुलं, निळ्या ताडपत्र्या, आणि सगळ्यात शेवटी, कुणी तिथवर पोचूच नये अशा बेतानं छापलेला ताळेबंद. मी चित्रकलेचा शिक्षक. फोटो कुठून आणि कुठल्या उजेडात घेतलेत ते लगेच कळलं. ताळेबंदातलं ओ की ठो कळलं नाही.

हे काम माझ्याकडं आलं, कारण आमच्या पेठेतल्या तरुण मंडळाचा मी खजिनदार. (आमच्याकडं ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या गळ्यात हे पद पडतं.) कोरोनामुळं दोन वर्षं ना मांडव, ना मिरवणूक, वर्गणीतले पैसे शिल्लक राहिलेले. त्यात जुलैमध्ये पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर आली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी या दोन्ही खुणा गिळून कितीतरी वर गेलं.

२०१९ ला आम्ही स्वतः टेम्पो भरून वाटप केलं होतं. रस्त्यालगतच्या घरांत तीन-तीन मंडळांचे किट आणि आतल्या वस्तीत कुणी फिरकलेलं नाही, असा तो प्रकार. बाहेरगावाहून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात कुजत पडलेले. म्हणून या खेपेला मंडळातले तात्या बैठकीत म्हणाले, "मास्तर, आता कुठल्यातरी मोठ्या संस्थेलाच देऊया. त्यास्नी सवय असत्या. पर आधी बघा, शंभरातलं किती खाली पोचतंय."

मला वाटलं, एक आकडा तर काढायचाय. मुंबईत नोंदलेल्या दोन संस्था निवडल्या, दोन्हींचे हिशेब मिळवले. एकीचा प्रशासकीय खर्च अगदी किरकोळ, दुसरीचा त्याच्या चौपट. झालं की काम! तरी कुठंतरी शंका होती, म्हणून कागद घेऊन शाहूपुरीत एका सीएच्या ऑफिसात नोकरीला असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याकडं गेलो.

त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "सर, पगार कुठं टाकलेत ते बघा."

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. त्याखालच्या नियमांतला उत्पन्न-खर्चाचा ठरलेला नमुना म्हणजे परिशिष्ट नऊ. डाव्या बाजूला खर्च : मालमत्तेवरचा, आस्थापनेचा, विश्वस्तांचं मानधन, लेखापरीक्षण फी, कोर्टकचेरी, घसारा, राखीव निधीत वळवलेली रक्कम. शेवटी ‘उद्दिष्टांवरील खर्च’ आणि त्याच्या पोटात धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, दारिद्र्य निवारण आणि ‘इतर’. पूर कुठं बसतो? बहुतेक ‘इतर’मध्ये. आसामचा पूर, केरळचा पूर आणि आमची पंचगंगा, सगळं मिळून एक ओळ, तिच्यापुढं एक लांबलचक रक्कम. त्यातलं कोल्हापूर नखानं खरवडून काढलं तरी निघालं नसतं.

पहिल्या संस्थेनं पगार, जीपचं डिझेल, गोदामाचं भाडं सगळं उद्दिष्टांत घातलेलं. दुसरीनं आस्थापनेत दाखवलेलं.

"म्हणजे पहिली लबाड?"

"तसं कसं म्हणायचं, सर? जीप पुराच्या गावातच फिरली असली तर तो कामाचाच खर्च. पण दुसरीचीही जीप काय महाबळेश्वरला गेली नसेल."

मग तो ठेवींकडं वळला. दोन्ही संस्थांकडं बँकेत कोट्यवधी पडून. तात्यांचा पहिला प्रश्न हाच असणार हे मला माहीत होतं : एवढं हाय, तर आमचं कशाला? विद्यार्थ्यानं समजावलं, की प्राप्तिकराची सवलत टिकवायची तर साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर लावावे लागतात. उरलेल्या हिश्श्याहून जास्त शिल्लक ठेवायची तर कारण लेखी द्यायचं आणि पाच वर्षांत खर्चायचं. शिवाय ठेवींतला मोठा भाग दात्यानं ‘अमुकच कामासाठी’ म्हणून बांधून दिलेला असतो. तो दुसरीकडं वळवता येत नाही. आपल्या देवळांतल्या पंख्यांसारखंच हे. पात्यावर नाव घालून पंखा द्यायला माणसं रांग लावतात, विजेचं बिल भरायला कुणी पुढं येत नाही. मग ज्या संस्थेचं बिल कमी दिसतं ती चांगली, असं आपणच ठरवतो. तिनंही मग बिल दुसऱ्या नावानं लिहिलं, तर नवल काय?

घरी आल्यावर रात्री जागून वाचायला लागलो आणि हैतीपाशी अडकलो. तिथं जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला. अमेरिकन रेड क्रॉसनं जवळजवळ पन्नास कोटी डॉलर गोळा केले. डॉलरमधले ९१ सेंट हैतीसाठी खर्च होतात, असं त्यांचं म्हणणं. तात्या खूश झाले असते! पण २०१५ मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआर या वृत्तसंस्थांनी शोध घेतला, तर कायमची घरं बांधून झालेली सहा. एक लाख तीस हजार लोकांना निवारा दिला हा संस्थेचा दावा. त्यात तात्पुरत्या आसऱ्यापासून बांधकामाच्या प्रशिक्षणापर्यंत सगळं मोजलेलं. आणि त्या ९१ सेंटांचं काय? पैसे दुसऱ्या संस्थांना दिले जात, त्या आपला व्यवस्थापन खर्च पुन्हा वेगळा कापत. पुढच्याच वर्षी सेनेटर ग्रासली यांच्या अहवालानं सांगितलं, की सुमारे चौथा हिस्सा संस्थेच्या अंतर्गत खर्चातच गेला. म्हणजे शंभरातले किती, या प्रश्नाला ‘कुठल्या टप्प्यावर मोजू?’ असा उलटा प्रश्न विचारता येतो.

आपल्याकडं सप्टेंबर २०२० पासून परदेशी देणग्यांपुरता याला कायद्यानंच पाचर मारली आहे. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली आणि परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायलाच बंदी केली. मला आधी हे झकास वाटलं. विद्यार्थी म्हणाला, "मग शिरोळातल्या एखाद्या बारक्या संस्थेला, जिला गल्ली न् गल्ली माहीत आहे, तिला मोठी संस्था त्यातनं काहीच देऊ शकत नाही, सर." तेही खरंच. अशा वेळी डोक्याला हात लावायचा, दुसरं काय.

शेवटी आकडा सोडला आणि दोन्ही संस्थांना साधं पत्र धाडलं : २०१९ ला आमच्या जिल्ह्यात कुठल्या गावांत काय दिलं? पहिलीकडून आभाराचं पत्र आणि पुन्हा तोच गुळगुळीत अहवाल. दुसरीकडून उशिरा, पण गावांची यादी आली. शिरोळ तालुक्यातलं एक गाव निवडून तात्या आणि मी रविवारी गाडी काढली.

यादी खरी निघाली. एका मावशींनी बादली दाखवली. आत साबण, फडकी, फिनेल असा स्वच्छता संच आला होता, म्हणाल्या.

"उपयोग झाला का?"

"झाला की. पर घरात चार म्हसरं, वैरण सगळी कुजल्याली. म्हशीला काय बादली खायाला घालू?"

बादलीवर संस्थेचं स्टिकर होतं, त्यावर तक्रारीसाठी फोन नंबर. तात्यांनी विचारलं, "मग ह्या नंबरावर फोन केलासा का?"

"त्यो व्हय? त्यो बादलीच्या कंपनीचा न्हवं?"

तात्या हसले, मला हसू येईना. लेखापरीक्षकाच्या दृष्टीनं हा व्यवहार चोख आहे : बादली घेतली, पावती आहे, वाटली, अंगठा आहे. मानवतावादी संस्थांसाठी २०१४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, त्यात नऊ बांधिलक्या आहेत. मदत घेणाऱ्याची तक्रार ऐकून निवारण करणं ही त्यातली एक. संस्थेनं ती पाळली होती, स्टिकर साक्षीला होतं. मी तिथंच उभा राहून तो नंबर लावला. उचलला. पलीकडच्या मुलीनं वैरणीचं सगळं टिपून घेतलं, आणि पुढच्या महिन्यात संस्थेचा माणूस खरोखरच दारात येऊन गेला, असं मावशींनी फोनवर कळवलं.

बैठकीत मी दुसऱ्या संस्थेचं नाव सुचवलं, चौपट प्रशासकीय खर्चासकट. गलका झाला. विद्यार्थ्यानं बजावल्याप्रमाणं हेही सांगितलं, की वर्गणी आपण धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी घेऊन गणपतीसाठी गोळा केलेली; ती दुसरीकडं वळवायची तर आधी तिथं विचारू, रीतसर ठराव करू आणि हिशेबातही दाखवू. तात्या म्हणाले, "परवानगी मिळाली की वैरणीसाठीच म्हणून लिहून द्या." मी पंख्याचं पातं आठवून विरोध केला. तासभर वाद झाला. अर्धे वैरणीसाठी आणि अर्धे बिनअटीचे यावर तडजोड निघाली. बिनअटीच्या चेकला तात्यांनी अनुमोदन दिलं ते एका अटीवर : वर्ष संपलं की तपासलेला हिशेब मागवायचा आणि तो मास्तरांनीच वाचायचा.